बरोबर उत्तराला दिलेले शून्य

रविवार, ता. १० नोव्हेंबर १९३५, सकाळचे साडेसात. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि तोंडी परीक्षा सुरू केली. जे घडले त्याचा आरंभ मी तिथून धरतो. त्याआधीचा दोष असेल तर तो स्वभावाचा. त्याला तारीख घालता येत नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. नाशिकच्या एका इंग्रजी शाळेत खालच्या वर्गांना व्याकरण शिकवीत असे. शिवाय तांबट आळीत एका तांबटाच्या दुकानावरची माडी मला सकाळपुरती मिळाली होती. तिथे आठवड्यातून तीन दिवस नोकरीधंद्यातल्या प्रौढ माणसांसाठी मी इंग्रजीचा वर्ग चालवीत असे. तांबटांची सुट्टी अमावास्येला; रविवारी ठोके चालूच असत. हंडे, घागरी, बंब यांवर सकाळपासून हातोडे पडत आणि त्या आवाजावर माझा आवाज चढवूनच मला शिकवावे लागे. पुढे आयुष्यभर माझा आवाज तसाच राहिला. घरच्या माणसांना वाटे, मी सदा रागावलेला आहे. बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर असे.

शब्दांच्या आठ जाती मी त्याच माडीवर शिकवल्या. घागर हे नाम, ठोकणे हे क्रियापद, पातळ पत्रा यातले पातळ हे विशेषण. केवलप्रयोगी अव्ययासाठी मला कष्ट पडले नाहीत. खाली कोणाच्या बोटावर हातोडी बसली की उदाहरण आपोआप वर येई. सर्वनामाला मी मुखत्यार म्हणत असे. नाम जागेवर नसते, तेव्हा त्याच्या वतीने हा उभा राहतो. म्हणून वर्गाचा एक शिरस्ता होता: वाक्य चालवताना, म्हणजे त्यातल्या एकेका शब्दाची जात सांगताना, सर्वनाम आले की विद्यार्थ्याने थांबायचे, आणि हा मुखत्यार कोणाचा, ते नाम मोठ्याने सांगायचे. त्याशिवाय पुढच्या शब्दाला हात लावायचा नाही. हा शिरस्ता माझा होता. त्याचा मला अभिमान होता.

परीक्षेला तिघे होते. एक कापडाचे मुसलमान व्यापारी, वय पन्नाशीच्या पुढे. मालेगावच्या मागांवरच्या साड्या आणून ते नाशकात विकत. रेल्वेच्या पावत्या स्वतः वाचता याव्यात एवढीच त्यांची इच्छा. त्यांना सगळे शेठ म्हणत. दुसरा नांदगावकडचा एक पोस्टमन, तिशीचा, सायकलवाला, तोंडाने सैल. तिसऱ्या एक बाई. मुलींच्या मराठी शाळेत त्या शिकवीत. वर्गात त्यांचे अक्षर सर्वांत चांगले होते आणि प्रश्न सर्वांत कमी.

बाईंना इंग्रजी कशासाठी हवे होते ते मला पूर्ण ठाऊक होते. त्यांचे यजमान छापखान्यात कंपोझिटर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचे उजवे अंग अर्धांगवायूने गेले. तेव्हापासून ते अंथरुणावर. पुण्याच्या एका इस्पितळात शिकाऊ नर्स घेत. निवड झालेल्या विवाहित बाईला आवारात खोली मिळे आणि घरच्या आजाऱ्याला तिथलेच उपचार. बाईंना नर्स व्हायचे होते ते यासाठी. अट एकच अडचणीची होती: प्राथमिक इंग्रजी येते असा इंग्रजी शाळेतल्या शिक्षकाचा दाखला अर्जावर लागे. दुसरी अट वयाची. तीस पूर्ण झालेल्या बाईला घेत नसत. बाईंना चैत्रात तीस पूर्ण होणार होती. म्हणजे अर्ज याच वर्षी करायचा, नाहीतर कधीच नाही. त्या इस्पितळाच्या एक अधिकारी बाई त्या आठवड्यात नाशकात होत्या. शरणपूर रस्त्यावरच्या एका बंगल्यात त्या अर्ज घेत होत्या, टपालाने आलेला अर्ज चालत नसे, आणि रविवारी संध्याकाळी पाचला टांग्याने स्टेशनवर जाणार होत्या.

हे सारे बाईंनी मला दसऱ्याच्या सुमारास एकदाच सांगितले होते. अर्जाचा कागद त्यांनी परीक्षेच्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर ठेवला. दाखल्याची जागा तेवढी कोरी होती.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुरुवातीला बाई यजमानांविषयी इंग्रजीत लिहिताना अनेकवचन घालीत. मराठीत 'ते आजारी आहेत' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'दे आर इल'. मी लाल शाईने खोडून लिहिले: इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही, मनुष्य एक, सर्वनाम एक. बाईंनी ती वही बराच वेळ पाहिली.

"म्हणजे एकेरीच?" त्यांनी विचारले.

"इंग्रजीत राजालाही एकेरीच," मी म्हणालो.

पुढच्या दिवसापासून त्या 'ही' लिहू लागल्या. शेठना त्याची गंमत वाटली. "घ्या! आपल्यात बायकोला म्हणतो 'ही', साहेबाच्या मुलखात नवरा झाला 'ही'. घरी सांगायला नको, नाहीतर उद्या मलाच चूल फुंकायला बसवतील." बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. त्यांनी माझ्या शब्दाखातर घरातला एक आदर सोडला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

परीक्षेची रीत अशी होती: प्रत्येकाने आपल्या घरातली पाच वाक्ये फळ्यावर लिहायची आणि ती शब्दशः चालवायची. पाच वाक्यांना पाच गुण, तीन मिळाले की उत्तीर्ण.

पहिला पोस्टमन. त्याने सायकलीविषयी वाक्ये लिहिली होती. माझ्याकडे सायकल आहे, तिला घंटी नाही, असे काहीसे. सर्वनामाशी तो अडला.

"इट म्हणजे काय?" मी विचारले.

"घंटी, मास्तर."

"घंटी नाही असे वाक्यच सांगते आहे. जे नाही त्याचा मुखत्यार कसा?"

"मग सायकल."

"मग म्हणजे? अंदाजाने सांगता?"

"अंदाजानं नाय, मास्तर. पहिलं उत्तर चुकलं म्हनून दुसरं." त्याला चार मिळाले. शेठना साडेतीन. त्यांनी अर्धा गुण वाढवून देण्याविषयी घासाघीस केली. मी ऐकली नाही.

मग बाई उठल्या. त्यांनी लिहिले: 'माय हजबंड इज इल. ही लाइज निअर द विंडो. आय गिव्ह हिम वॉटर.' पुढची दोन वाक्ये खिडकीतून दिसणाऱ्या गंगेविषयी होती; नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. अक्षर छापल्यासारखे. पहिले वाक्य त्यांनी न अडखळता चालवले. दुसऱ्या वाक्याशी आल्या आणि शिरस्त्याप्रमाणे थांबल्या.

"ही हे सर्वनाम. हजबंड या नामाबद्दल आले आहे."

येथे मी 'बरोबर' म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "कोण हजबंड? नाव सांगा."

आजवर मी या क्षणाचे कारण शोधले आहे. शेठना मी नाव विचारले नव्हते, पोस्टमनला सायकलीची कंपनी विचारली नव्हती. बाईंनाच विचारले. बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत ही रूढी मला मूर्खपणाची वाटे, आणि त्या महिन्यात मी एका सभेत त्याविषयी बोलून टाळ्या मिळवल्या होत्या. टाळ्यांची चव माझ्या तोंडात अजून होती. याहून मोठे कारण नाही.

बाई म्हणाल्या, "हजबंड हे नामच आहे, मास्तर. सामान्यनाम."

"मला विशेषनाम हवे आहे."

"पुस्तकात तसं नाही." मग अगदी साधेपणाने, "पान बेचाळीस. सर्वनाम ज्या नामाबद्दल आलं ते नाम मागच्या वाक्यात पाहावं, असं आहे. मागच्या वाक्यात हजबंड आहे."

होते तसेच. पान बेचाळीसच होते. मी ते पान दहा वेळा शिकवले होते. शेठनी आणि पोस्टमनने एकाच वेळी आपापली पुस्तके उघडली, आणि पाने उलटण्याचा तो आवाज मला सहन झाला नाही.

"पुस्तक मी शिकवतो," मी म्हणालो. "मला नाव पाहिजे. नाव सांगा आणि पुढे चला."

"मास्तर, मी सांगतो की," पोस्टमन म्हणाला. "त्यांची पत्रं मीच टाकतो. पूर्ण पत्त्यासकट सांगतो."

"तुम्ही बसा."

"मास्तरसाब," शेठ हळूच म्हणाले, "जाऊ द्या. आमच्या घरात तरी कुठं आहे? लग्नाला तीस वर्षं झाली, बीवीनं माझं नाव घेतलं असेल तर खुदा जाणे. 'अजी, ऐकलं का' हेच माझं नाव. बाजारात कोणी 'ऐकलं का' म्हटलं की मीच वळून बघतो."

पोस्टमन हसला. मीही हसलो असतो तर प्रसंग तिथेच मिटला असता.

"मग उखाण्यात घ्या, बाई," पोस्टमनने सुचवले. "उखाण्यात चालतं ना."

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. "उखाणा हौसेनं घेतात. परीक्षेत नाही." मग माझ्याकडे वळून आवाज उतरवून म्हणाल्या, "त्यांचं दुखणं आहे, मास्तर. या दिवसांत नको."

मला आता त्या शब्दांपुढे काही बोलवत नाही. तेव्हा मी बरेच बोललो. नाव घेतल्याने माणसाचे आयुष्य घटत असते तर सरकारी हजेरीपटावर एकही कारकून जिवंत राहिला नसता, असे म्हणालो. नर्स होऊ पाहणारी बाई असल्या समजुती घेऊन रोग्याच्या उशाशी बसणार का, असेही म्हणालो. नाव घेतल्याने कोणी मरत नाही. मी बोललो ते खरे होते. खरे बोलून अन्याय करता येतो, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते, आणि त्या सकाळीही कळले नाही.

बाई खडू हातात धरून उभ्या होत्या. खाली एका मोठ्या हंड्याचा गळा ठोकणे चालले होते. ते थांबले.

"मी एवढं एक सोडून सगळं सांगते," त्या म्हणाल्या.

"हे एक सोडून पुढे जाता येत नाही. वर्गाचा शिरस्ता आहे."

त्यांनी खडू फळ्याखालच्या फळीवर ठेवला. हात पदराला पुसले. चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. जाताना दरवाज्याशी नेहमीप्रमाणे 'येते' म्हणाल्या. मी गुणांच्या वहीत त्यांच्या नावापुढे शून्य मांडले. अर्ज टेबलावरच राहिला होता.

जेवून मी आडवा झालो, पण झोप लागली नाही. तीनच्या सुमारास पुन्हा माडीवर गेलो. शाळेच्या वह्या तपासायच्या आहेत असे मी स्वतःला सांगितले. वह्यांखाली तो अर्ज होता. मी तो उलगडला.

सगळा अर्ज बाईंच्या अक्षरात होता. फक्त एका ओळीवर, जिथे पतीचे नाव लिहायचे, तिथे दुसरा हात होता. अक्षरे मोठी, वाकडी, एकमेकांपासून तुटलेली; एक अक्षर ओळीच्या खाली गेलेले, पुढचे वर चढलेले. शाईचा एक थेंब सांडून टिपलेला. उजवे अंग गेलेल्या माणसाने डाव्या हाताने ते नाव लिहिले होते, कारण त्याची बायको ते लिहीत नव्हती. आणि ते नाव परीक्षा सुरू होण्याच्या आधीपासून माझ्या टेबलावर, माझ्या कोपराखाली पडलेले होते. मला ते ठाऊक करून घ्यायचे नव्हतेच. मला ते त्यांच्या तोंडून काढायचे होते.

मी दौत पुढे ओढली. दाखला लिहिला, सही केली, खाली हुद्दा लिहिला. तेव्हा सव्वातीन झाले होते. माडीपासून शरणपूर रस्त्यावरचा तो बंगला पायी अर्ध्या तासाचा. पाचला पावणेदोन तास होते.

मी गेलो नाही.

बाई येतील, असे मी धरून चाललो. त्या येतील, मागतील, आणि मी काही न बोलता कागद पुढे करीन. तो प्रसंग मी मनात दोन-तीनदा जुळवलाही. त्यात मी उदार दिसत होतो. जिन्यावर पाऊल वाजले की मी वही उघडी, तांबटाचे माणूस असले की बंद करी.

चारला जिन्यावर पाऊल वाजले आणि पोस्टमन वर आला. रविवारी त्याला टपाल नव्हते. कपाळावर घाम होता.

"सही झाली का, मास्तर?"

"का?"

"झाली असंल तर द्या कागद. सायकल खाली हाय. वीस मिन्टांत पोचवतो आन् पावती घेऊन येतो."

अर्ज आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होता. सहीची शाई केव्हाच वाळली होती. त्याने ती पाहिली. मी पाहिले की त्याने पाहिली.

"त्यांचा कागद आहे," मी म्हणालो. "त्यांना येऊ द्या. त्यांनी मागितला पाहिजे."

"त्या नाय येनार, मास्तर."

"तुम्हाला कसे ठाऊक?"

"रोज दारावर जातो मी त्यांच्या. लय वर्षं झाली." त्याने कपाळ पुसले. "तुम्ही शिकलेले. मी काय बोलू?" आणि जिना उतरून गेला. जाताना त्याने अंगणातल्या पत्र्याला सायकल घासली; तो आवाज मला अजून येतो.

पावणेपाचपर्यंत मी बसून होतो. मग टोपी घातली, अर्ज कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि निघालो. मेन रोडवर त्रिपुरी पौर्णिमेच्या वातींच्या आणि पणत्यांच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. गर्दीतून चालता येईना. टांगा शोधण्यात वेळ गेला. बंगल्याशी पोहोचलो तेव्हा सव्वापाच होऊन गेले होते. माळी व्हरांडा झाडीत होता. बाईसाहेब वेळेवर गेल्या, तो म्हणाला. त्या कधी थांबत नाहीत. टांगेवाला स्टेशनवर येण्यास तयार होता. गाडी गाठणे शक्य नव्हते, आणि ते त्यानेच मला सांगितले. तरी मी त्याच्याशी दोनदा हुज्जत घातली.

मग मी गंगा ओलांडून पंचवटीत गेलो. पत्ता अर्जावरच होता.

एका जुन्या धर्मशाळेच्या मागे त्यांची एकच खोली होती. दार उघडे होते. खिडकीखाली खाटेवर एक गृहस्थ उशीला टेकून बसले होते. उजवा हात चादरीखाली.

"या, मास्तर. तुम्ही मास्तरच ना? उठता येत नाही, रागावू नका." त्यांची जीभ किंचित जड होती, पण बोलण्यात थाट होता. "ही गंगेवर गेली आहे, वाती लावायला. येईल इतक्यात. तो स्टूल घ्या. एक पाय आखूड आहे, भिंतीकडून बसा."

मी बसलो. खिडकीतून गंगेच्या पायऱ्या दिसत होत्या. फळ्यावरचे चौथे वाक्य त्याच पायऱ्यांचे होते.

"हिनं सांगितलं मला," ते म्हणाले. "हिलाच उशीर झाला म्हणे. परीक्षेनंतर मुलींच्या शाळेत काही काम निघालं, सहीसाठी तुमच्याकडे वेळेवर पोहोचली नाही. मी म्हटलं, असू दे. तू इतके महिने मेहनत केलीस, ती कुठं जाते."

 खोटे बाईंनी माझ्यासाठी सांगितले होते, आणि ते मोडण्याचे धैर्य मला झाले नाही.

"रोज रात्री जेवताना मला चालवायला लावते," ते हसले. "वरण नाम, वाढ क्रियापद, गरम विशेषण. मी अठरा वर्षं इंग्रजी मजकूर जुळवला, मास्तर. छपाईचा खिळा उलटा असतो ना? मला इंग्रजी उलटी वाचता येते, सुलटी नाही. अर्थ तर आता हिच्यामुळं कळायला लागला. बरं, आज परीक्षा कशी झाली? ती काही सांगत नाही."

"चांगली झाली."

"उत्तरं?"

"सगळी बरोबर होती."

दाराशी भांडे वाजले. बाई रिकामे ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात तेलाचे ओघळ आणि काड्यांची पेटी. माझे शेवटचे वाक्य त्यांनी ऐकले होते.

"हो," त्या म्हणाल्या. "पुस्तकात आहेत ती."

त्यांनी ताट कोपऱ्यात ठेवले, हात धुतले, मला पाण्याचा तांब्या दिला. चहा टाकू का विचारले. मी नको म्हणालो. अर्ज काढून त्यांच्या हाती दिला. त्यांनी दिव्याजवळ जाऊन दाखला वाचला. मी लिहिलेले प्रत्येक विशेषण त्या मनात चालवीत असाव्यात. मग कागद पूर्वीच्याच घड्यांवर मिटला आणि डब्यांच्या फळीवर ठेवला.

"झाली का सही?" यजमानांनी विचारले.

"झाली."

"चल, बरं झालं. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."

बाईंनी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली. पुढच्या वर्षाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि माझ्याकडे पाहिलेही नाही. मला दारापर्यंत पोहोचवताना उंबऱ्याशी म्हणाल्या, "मंगळवारपासून मी येणार नाही, मास्तर. सकाळी यांची तेलमालिश असते."

ती आधीही असे. मी 'बरे' म्हणालो. क्षमा मागितली नाही. शब्द ठाऊक होता, दोन्ही भाषांत ठाऊक होता.

पुढचे थोडक्यात लिहितो. चैत्रात बाईंना तीस पूर्ण झाली. त्यांचे यजमान पुढच्या पावसाळ्यात गेले, कोणी नाव न घेताच. बाई मुलींच्या शाळेत पेन्शनपर्यंत शिकवीत राहिल्या. रस्त्यात भेटल्या की बाजूला होऊन 'नमस्कार, मास्तर' म्हणत. परीक्षेनंतरच्या मंगळवारी शेठ आणि पोस्टमन वर्गाला आले. पान बेचाळीसवर बाई बरोबर होत्या, हे मी त्यांना सांगितले नाही. शेठ मात्र नंतर फार दिवस आले नाहीत. पावत्या आता वाचता येतात, एवढेच म्हणाले.

रूढीवर बोलायचे असले की हा प्रसंग मी पुढे अनेक व्यासपीठांवर सांगितला. एका सुशिक्षित बाईने नवऱ्याचे नाव न घेण्यापायी नोकरीची संधी घालवली, असा सांगितला. ऐकणारे हळहळत. बाईंचे उत्तर बरोबर होते, आणि ते मला तिथेच कळले होते, एवढा भाग मी प्रत्येक वेळी गाळला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे लिहिण्याचे कारण तेवढा गाळलेला भाग आहे.

त्या संध्याकाळी मी पंचवटीतून परत निघालो तेव्हा गंगेवर पायरी न् पायरी उजळली होती. मी खाली मान घालून पूल ओलांडला. तांबट आळीत आलो. ठोके थांबले होते. तांबट दुकानाच्या फळ्या लावीत होता. मी त्याच्याकडून कंदील मागून घेतला आणि वर गेलो.

फळ्यावर बाईंची पाच वाक्ये होती. दुसऱ्या वाक्यावर, मी बोलत असताना मीच खडूने ओढलेली एक रिकामी रेघ होती, नाव लिहिण्यासाठी. मी फळा पुसला. वही उघडून त्यांच्या नावापुढचे शून्य खोडले, शेजारी पाच लिहिले, आणि खोडलेल्या आकड्यावर शिरस्त्याप्रमाणे आद्याक्षरांची सही केली. शाई वाळेपर्यंत थांबलो. वही खणात ठेवली, दौतीचे बूच लावले, खिडकी ओढून घेतली. दाराला कुलूप घातले, कंदील खाली नेऊन तांबटाला परत दिला आणि किल्ली त्याच्या खुंटीवर अडकवली.